शिडाच्या बोटीवरील जुनी उपकरणे बदलताना: डिस्प्लेआधी करायची कामे

शिडाच्या बोटीवरची उपकरणे जुनी झाली की मालक बहुधा आधी नवा डिस्प्ले पसंत करतो, तो विकत घेतो आणि मग जुन्या वायरिंगमध्ये त्याला कुठे जोडता येईल याचा शोध सुरू करतो. पाण्याच्या खोलीचा आकडा मध्येच नाहीसा होणे, एका टॅकवर (म्हणजे वारा बोटीच्या एका बाजूने घेत जाताना) वारा चुकीचा दिसणे, इंजिनाला स्टार्टर मारताच पडदा बंद पडणे, या नव्या उपकरणांबद्दल नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या उलट्या क्रमात असते. डिस्प्ले बसवणे हे या कामाच्या शेवटाकडचे काम आहे. त्याआधी नोंद, वीज, नेटवर्क आणि सेन्सर ही कामे याच क्रमाने पूर्ण व्हावी लागतात.

पुढील विवेचन ९ ते १२ मीटर लांबीच्या, फायबरग्लासच्या, १२ व्होल्टच्या बोटीसाठी आहे. तिच्यावर १५ ते २५ वर्षांपूर्वीची वारा, खोली आणि वेग दाखवणारी उपकरणे, एक जुना चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीचे स्थान दाखवणारा पडदा) आणि चालू अवस्थेतला ऑटोपायलट (सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र) आहे, असे गृहीत धरले आहे. मुंबई बंदरात किंवा गोव्याच्या नद्यांमध्ये उभ्या असलेल्या अनेक जुन्या बोटींची स्थिती साधारण अशीच असते.

## आधी वेळापत्रक

पश्चिम किनाऱ्यावर या कामाचे वेळापत्रक पावसाळा ठरवतो. तळाला भोक पाडणे किंवा जुना फिटिंग काढणे बोट पाण्याबाहेर असतानाच करता येते आणि बोटी साधारणपणे जूनच्या आधी बाहेर काढल्या जातात. इपॉक्सी आणि सीलंट यांना कोरडा पृष्ठभाग लागतो, म्हणून तळाची आणि डोलकाठीची कामे मे महिन्यातच उरकावीत. आतले वायरिंग पावसाळ्यात ताडपत्रीखाली निवांत करता येते. कॉकपिटमधली नवी भोके पाऊस ओसरल्यावर पाडावीत आणि कॅलिब्रेशन (उपकरणांचे आकडे प्रत्यक्षाशी जुळवणे) बोट पुन्हा पाण्यात उतरल्यावर करावे. याचा अर्थ सामानाची यादी मार्चच्या सुमारास पक्की झाली पाहिजे, कारण यातले बरेच सामान परदेशातून येते आणि जूनमध्ये हातात पडलेला ट्रान्सड्यूसर (तळात बसणारा खोली-वेगाचा सेन्सर) त्या मोसमापुरता निरुपयोगी ठरतो.

## टप्पा १: जे आहे त्याची नोंद

एक वही घेऊन बोटीवरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाला एक पान द्यावे. त्यावर मॉडेल क्रमांक, ते कोणत्या फ्यूजवर आहे, त्याच्या मागे किती केबली येतात, प्रत्येक केबल कुठून कुठे जाते आणि ते कोणती भाषा बोलते हे लिहावे. जुन्या उपकरणांत या भाषा मुख्यतः दोन असतात. एनएमईए ०१८३ या बोटीवरील उपकरणांच्या प्रमाणित भाषेत एक उपकरण बोलते आणि बाकीची ऐकतात. तिचा नेहमीचा वेग ४८०० बॉड आणि एआयएस या जहाजांची ओळख व स्थान कळवणाऱ्या यंत्रणेसाठी ३८४०० बॉड असतो. रेमरीन कंपनीच्या जुन्या उपकरणांत सीटॉक हे तिचे स्वतःचे माध्यम असते आणि लाल, पिवळी व उघडी शील्ड अशा तीन तारांवरून ते ओळखता येते. प्रत्येक जोडणी सोडवण्यापूर्वी तिचा फोटो घ्यावा आणि केबलच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावावी. एनएमईए ०१८३ च्या तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधू नये.

या टप्प्यावर एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीत डिस्प्ले हा नुसता पडदा नसतो. रेमरीनच्या एसटी६० मालिकेतल्या वाऱ्याच्या उपकरणाचेच उदाहरण घ्यावे. डोलकाठीवरून आलेली केबल थेट त्या डिस्प्लेच्या पाठीमागे लागते, तिथे तिचा कच्चा विद्युत संकेत मोजला जातो आणि तिथूनच तो आकडा बाकीच्या बोटीला मिळतो. तो गोल चेहरा जुना दिसतो म्हणून काढून टाकला की वाऱ्याची माहितीच बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला ऑटोपायलटचा वारा-मोडही (वाऱ्याच्या कोनानुसार सुकाणू धरण्याची पद्धत) बंद पडतो. म्हणून वहीत प्रत्येक डिस्प्लेपुढे ‘यात सेन्सर थेट येतो का’ या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर असलेच पाहिजे.

जुन्या जीपीएसची तारीखही तपासावी. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते आणि असे शेवटचे ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री घडले. काही जुने रिसीव्हर स्थान बरोबर दाखवतात, पण त्यांची तारीख जवळपास वीस वर्षे मागे गेलेली असते. असा रिसीव्हर नव्या नेटवर्कला जोडला तर प्लॉटरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांपर्यंत चूक पोहोचते.

तपासणी: दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजावी आणि ती जुन्या उपकरणाच्या आकड्याशी ताडून पाहावी. वेगाचे चाक हाताने फिरवून आकडा हलतो का ते पाहावे. सेन्सर ठणठणीत असेल आणि फक्त पडदा मंदावला असेल तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

## टप्पा २: किती बदलायचे ते ठरवणे

येथे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग सर्व काही नवे घेण्याचा. दुसरा, एनएमईए २००० हे सर्व उपकरणे एकाच मुख्य केबलीवर जोडणारे नवे नेटवर्क उभारून जुन्या सीटॉक उपकरणांना कन्व्हर्टरमार्गे त्याला जोडण्याचा. तिसरा, जुने सेन्सर तसेच ठेवून त्यांचे कच्चे संकेत रेमरीनच्या आयटीसी-५ सारख्या रूपांतर करणाऱ्या डब्यातून नेटवर्कवर आणण्याचा, म्हणजे जुने डिस्प्ले पूर्णपणे काढता येतात. तिसऱ्या मार्गात सेन्सर आणि डबा एकमेकांशी जुळतात की नाही हे मॉडेल क्रमांकावरून आधी पडताळावे लागते.

माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, विशेषतः ऑटोपायलट व्यवस्थित चालत असेल तर. पहिल्या मोसमात वीज, नेटवर्क, खोली-वेगाचा सेन्सर आणि एक-दोन डिस्प्ले बदलावेत, जुनी उपकरणे कन्व्हर्टरवर चालू ठेवावीत आणि वारा व ऑटोपायलट पुढच्या मोसमावर ढकलावेत. यात पैसे दोन वर्षांत विभागले जातात आणि बोटीवर कोणत्याही दिवशी खोली दाखवणारे किमान एक उपकरण चालू राहते. मात्र कन्व्हर्टर माहिती पुढे पोहोचवतो म्हणून नव्या पडद्यावरून जुना ऑटोपायलट पूर्णपणे चालवता येईल असे समजू नये. दिशा आणि सुकाणूचा कोन दिसतो, पण हुकूम देण्यासाठी जुने कंट्रोल हेड (त्याचा बटणांचा संच) बहुधा ठेवावेच लागते.

जुन्या प्लॉटरची नकाशा-कार्डे नव्यात बसत नाहीत आणि जुना रडार नव्या डिस्प्लेला बहुधा जोडता येत नाही. हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा.

## टप्पा ३: वीज

जुनी एकरंगी उपकरणे अगदी थोडी वीज घेत. नवा रंगीत छोटा डिस्प्ले पूर्ण प्रकाशात १०० ते १५० मिलिअँपिअर घेतो आणि ९ इंची प्लॉटर साधारण १ ते २ अँपिअर. शिवाय नवी उपकरणे आतून संगणकच असतात, त्यामुळे व्होल्टेज क्षणभर कोसळले तरी ती बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतात. जुना खोलीमापक तेवढा वेळ फक्त मंद होत असे.

वायरीची जाडी अंदाजाने न घेता मोजून घ्यावी. नेव्हिगेशनच्या उपकरणांसाठी व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्टच्या आत असावी. समजा पॅनेलपासून सुकाणूपर्यंत १० मीटर अंतर आहे आणि भार ५ अँपिअर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी २० मीटर धरावी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीला सुमारे ०.१४ ओहम रोध होतो आणि घट ०.७ व्होल्ट येते, म्हणजे मर्यादेच्या जवळपास दुप्पट. ४ चौरस मिलिमीटरनेही भागत नाही. ६ चौरस मिलिमीटर घेतल्यावर घट ०.२९ व्होल्टवर येते. परतीची लांबी न धरणे ही या हिशेबातली सर्वात नेहमीची चूक आहे.

तार कथील चढवलेल्या तांब्याची, बारीक धाग्यांची आणि बोटीसाठी बनवलेली असावी. घरगुती वायरिंगची तांब्याची तार खाऱ्या दमट हवेत आतून काळी पडत जाते आणि वरच्या आवरणावरून ते मुळीच कळत नाही. जोड रॅचेटच्या क्रिम्पिंग हत्याराने करावेत आणि त्यांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. नुसत्या डागाने जोडलेली तार कंपनाने डागाच्या कडेशी तुटते. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड बोटीवर कुठेही असू नये.

नेटवर्क आणि प्लॉटर यांना बोटीवरील दिवे व उपकरणे चालवणाऱ्या बॅटरीवरून वीज द्यावी, इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवरून नाही. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज असावा आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, कारण फ्यूज तारेचे रक्षण करतो आणि बॅटरी ते फ्यूज हा तारेचा भाग संरक्षणाविना राहतो.

तपासणी: नव्या तारेच्या शेवटी ५ अँपिअरचा भार, उदाहरणार्थ ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब, लावून तिथले आणि बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. त्याच स्थितीत इंजिन सुरू करून पाहावे. फरक हिशेबापेक्षा जास्त आला तर पुढे जाऊ नये. एखादा जोड, स्विच किंवा ऋण पट्टी गंजलेली असते.

## टप्पा ४: बॅकबोन

एनएमईए २००० हे वाहनांत वापरल्या जाणाऱ्या कॅन बसवर आधारलेले आहे आणि त्याचा वेग २५० किलोबिट प्रतिसेकंद आहे. त्याची रचना साधी आहे: एक सरळ मुख्य केबल (बॅकबोन), तिच्यात टी-जोड, प्रत्येक टी-जोडातून एका उपकरणाकडे जाणारी आखूड फाटा-केबल आणि मुख्य केबलीच्या दोन्ही टोकांना एकेक १२० ओहमचा टर्मिनेटर (टोक बंद करणारा रोधक). तक्रारी येतात त्या या साधेपणाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. प्रत्यक्ष बसवताना पुढील मर्यादा पाळाव्यात.

१. फाटा-केबल ६ मीटरपेक्षा लांब असू नये. पातळ केबलीचा बॅकबोन १०० मीटरपर्यंत चालतो, त्यामुळे बॅकबोन लांब करावा आणि फाटे आखूड ठेवावेत.

२. टर्मिनेटर दोनच. एक कमी किंवा एक जास्त असेल तर नेटवर्क कधी चालते, कधी नाही, आणि नेमके लाटांत बंद पडते.

३. वीज एकाच ठिकाणी, शक्यतो बॅकबोनच्या मध्याजवळ द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंची घट सारखी राहते. शील्डही तिथेच, एकाच ठिकाणी, ऋण टोकाला जोडावी. दोन ठिकाणी वीज दिली की दोष शोधणे फार अवघड होते.

४. प्रत्येक उपकरणावर एलईएन हा अंक छापलेला असतो. १ एलईएन म्हणजे ५० मिलिअँपिअर. सर्व अंकांची बेरीज करून ती फ्यूज आणि केबलीच्या क्षमतेत बसते का ते पाहावे.

५. एक-दोन टी-जोड रिकामे, टोपी लावून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्यांची गरज पडतेच.

डोलकाठीची गोष्ट वेगळी आहे आणि येथे बहुतेक जण अडखळतात. ११ मीटरच्या बोटीच्या डोलकाठीची उंची १४-१५ मीटर असते, म्हणजे नेटवर्कवरचा वाऱ्याचा सेन्सर फाटा-केबलीवर बसूच शकत नाही. अशा वेळी बॅकबोनच डोलकाठीतून वर न्यावा लागतो आणि एका बाजूचा टर्मिनेटर माथ्यावर, सेन्सरच्या अलीकडे बसतो. त्यासाठी रेषेत बसणारा खास टर्मिनेटर मिळतो. डोलकाठीच्या पायथ्याशी टर्मिनेटर लावून त्यापुढे १५ मीटरचा ‘फाटा’ वर पाठवलेली बोट धक्क्यावर निर्दोष चालते आणि समुद्रात वारा दाखवणे थांबवते. जुना कच्च्या संकेताचा सेन्सर मात्र या नियमात येत नाही, कारण त्याची केबल नेटवर्कचा भाग नसते. ती खाली कन्व्हर्टरपर्यंत येते आणि नेटवर्क तिथून सुरू होते.

बॅकबोन बिल्जमधून (बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या जागेतून) नेऊ नये. केबिनच्या कपाटांमागून, पाण्याच्या रेषेपेक्षा वरून न्यावा आणि उपकरणाजवळ केबलीला खालच्या दिशेने एक वळसा द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी जोडात न शिरता वळशावरून खाली पडते. व्हीएचएफ रेडिओची अँटेना केबल आणि ऑटोपायलटच्या मोटरीची जाड तार यांपासून बॅकबोन वेगळा ठेवावा.

रेमरीनचे सीटॉक एनजी आणि सिमरॅडचे सिमनेट यांचे जोड वेगळे दिसतात, पण विद्युतदृष्ट्या ते याच जातीचे आहेत आणि अडॅप्टर केबलीने जोडता येतात. जुने तीन तारांचे सीटॉक तसे नाही. त्याच्या तारा एनएमईए २००० च्या तारांना थेट जोडल्यास उपकरणे निकामी होऊ शकतात.

तपासणी: वीज पूर्ण बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारांमधला रोध मोजावा. दोन १२० ओहम समांतर असल्याने मीटरवर सुमारे ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा केबल तुटली आहे. ४० आले तर तिसरा टर्मिनेटर कुठेतरी लपला आहे. हा आकडा बरोबर येईपर्यंत एकही उपकरण जोडू नये. नंतर वीज देऊन सर्वात दूरच्या टी-जोडावर लाल-काळ्या तारांतले व्होल्टेज पाहावे.

## टप्पा ५: तळाचा सेन्सर

खोली, वेग आणि पाण्याचे तापमान एकत्र देणारे सेन्सर आता सर्वत्र वापरले जातात. एअरमारचा डीएसटी८१० हा त्यांपैकी एक. तो ५१ मिलिमीटरच्या भोकात बसतो. सेन्सरचे जुने घर (तळात पक्की बसवलेली नळी) त्याच मापाचे आणि त्याच कंपनीचे असेल तर काही वेळा नवे भोक पाडावेच लागत नाही. म्हणून खरेदीआधी जुन्या घराचा व्यास आणि मॉडेल दोन्ही तपासावे.

नवे भोक पाडायचे असल्यास जागा कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) पुढे, मध्यरेषेजवळ निवडावी. तिच्या पुढे कोणताही दुसरा फिटिंग असू नये, कारण त्याने उठलेले बुडबुडे सेन्सरखालून जातात आणि वेग वाढला की खोलीचा आकडा नाहीसा होतो. तळ तिरपा असेल तर फेअरिंग ब्लॉक (सेन्सर सरळ ठेवणारा पाचरीसारखा ठोकळा) लागतो. तळाच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा फोम असेल, तर भोकाच्या कडेचा तो भाग खरवडून तिथे इपॉक्सी भरावी; नुसत्या सीलंटच्या भरवशावर ठेवलेली कड पाणी पिते आणि दोन-तीन वर्षांत तळ मऊ होतो. प्लास्टिकचे घर फायबरग्लासला चालते, लाकडी बोटीला कधीही नाही, कारण लाकूड फुगले की ते तडकते. प्लास्टिकच्या घराचे नट हातानेच घट्ट करावे.

सेन्सरच्या तोंडाला पाण्यावर आधारित अँटिफाउलिंग (समुद्री जीव बसू न देणारा) रंगच लावावा. द्रावकावर आधारित रंग आणि ॲसिटोन प्लास्टिक खराब करतात. आपल्या बंदरांच्या उबदार पाण्यात वेगाच्या चाकावर बार्नाकल (कठीण कवचाचे चिकटून बसणारे जीव) आणि शेवाळ फार लवकर बसते, म्हणून बोट उभी असताना सेन्सर आत ओढून जागी बंद बूच बसवण्याची सवय ठेवावी.

सावधान: पाण्यात असताना सेन्सर काढायचा असेल तर बूच आधी हातात असले पाहिजे आणि त्याला तेल किंवा सिलिकॉन ग्रीस लावलेले असले पाहिजे. पाण्याचा झोत जोरदार येतो. घाबरून हातातली वस्तू खाली पडते आणि ती नेमके बूचच असते.

तपासणी: बोट पाण्यात उतरवताना ती क्रेनच्या पट्ट्यांवर टांगलेली असतानाच घराभोवती कोरडा कागद फिरवावा. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करावे.

## टप्पा ६: डोलकाठी

डोलकाठी उतरवलेली असेल तरच केबल बदलावी. उभ्या डोलकाठीत जुन्या केबलीच्या टोकाला नवी बांधून ओढण्याचा प्रयत्न अर्ध्यावर अडकला तर दोन्ही जातात. केबल ओढताना सोबत एक रिकामी दोरीही ओढून ठेवावी. डेकवरचा जोड जलरोधक ग्लँडमधून खाली घ्यावा आणि तोडायचा जोड डेकच्या वर न ठेवता आत ठेवावा.

बिनतारी, सौरऊर्जेवर चालणारे वाऱ्याचे सेन्सर हा डोलकाठी न उतरवता काम करण्याचा चांगला पर्याय आहे, फक्त त्यांच्या बॅटरीचे आयुष्य मर्यादित असते आणि ती बदलायला पुन्हा माथ्यावर चढावे लागते. मुंबईत घारी आणि कावळे माथ्यावर बसतात आणि नाजूक दांडी वाकवतात. सेन्सर कोणताही असला तरी मोसमाच्या सुरुवातीला दुर्बिणीतून त्याकडे एकदा पाहावे.

## टप्पा ७: डिस्प्ले

आता नव्या पेट्या उघडाव्यात. कंपनीने दिलेला कागदी साचा जागेवर चिकटवून आधी मागे हात घालावा: तिथे केबल वळायला जागा आहे का, एखादी इंधनाची नळी किंवा सुकाणूची साखळी जाते का, हे भोक पाडण्याआधी कळले पाहिजे. जुनी गोल भोके नव्या पडद्याखाली झाकली जात नसतील तर त्या जागी ॲल्युमिनियमची किंवा जाड ॲक्रिलिकची एकच पट्टी बसवून तिच्यात नवी भोके पाडावीत. फायबरग्लासने भोके बुजवून रंग जुळवण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि पुढच्या बदलालाही सोयीचे पडते. डिस्प्लेसोबत येणारी गॅस्केटच वापरावी. पॉलियुरेथेन सीलंट काही प्लास्टिकांना हानी करतो आणि पुढे डिस्प्ले काढताना चौकट तोडतो.

जागा ठरवताना दोन गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात. डिस्प्ले चालू करून, ध्रुवित काचांचा गॉगल घालून, बसून, उभे राहून आणि मान कलवून पाहावे. काही पडदे एका कोनात पूर्ण काळे दिसतात. नंतर तो हातात धरून स्टिअरिंगच्या होकायंत्राजवळ न्यावा आणि काटा कुठे हलू लागतो ते पाहावे. प्रत्येक डिस्प्लेच्या माहितीपत्रकात होकायंत्रापासूनचे सुरक्षित अंतर दिलेले असते, ते पाळावे. व्हीएचएफचा स्पीकर या बाबतीत डिस्प्लेपेक्षा अधिक त्रास देतो.

## टप्पा ८: चालू करणे आणि माहितीचे स्रोत

सर्व उपकरणे एकदम जोडू नयेत. आधी एक डिस्प्ले जोडावा, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, मग एक सेन्सर, आकडा दिसला की पुढचा. एखाद्या जोडणीनंतर नेटवर्क अडखळू लागले तर दोषी कोण हे लगेच कळते.

जुनी आणि नवी उपकरणे एकत्र असली की एकच माहिती दोन ठिकाणांहून येते: दोन जीपीएस, दोन दिशा, कधी पाण्याच्या खोलीचे दोन आकडे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक माहितीसाठी स्रोत हाताने निवडावा, ‘स्वयंचलित’ ठेवू नये. दोन कन्व्हर्टर असतील तर एकाने पुढे पाठवलेली माहिती दुसरा परत आणत नाही ना, हे पाहावे. अशा चक्रात अडकलेला आकडा सेन्सर काढला तरी काही वेळ दिसत राहतो आणि हीच त्याची ओळख आहे.

व्हीएचएफला जीपीएस जोडणे लोक विसरतात. त्याशिवाय डीएससीचे (रेडिओवरून आपोआप संकटसंदेश पाठवणाऱ्या सोयीचे) लाल बटण दाबल्यावर संकटसंदेश जातो, पण त्यात बोटीचे स्थान नसते. एमएमएसआय हा बोटीचा रेडिओ-ओळख क्रमांक टाकताना तो दोनदा वाचावा. भारतातील बोटींचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात आणि बहुतेक संचांत चुकलेला क्रमांक वापरणाऱ्याला स्वतः बदलता येत नाही.

## टप्पा ९: कॅलिब्रेशन

हा टप्पा गाळल्यास आधीचा सगळा खर्च चुकीचे आकडे अधिक स्पष्ट दाखवण्यासाठी झाला असे होते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण खरा वारा हा आकडा बोटीचा वेग आणि भासमान वारा (चालत्या बोटीवर जाणवणारा) यांवरून काढला जातो आणि त्याची दिशा होकायंत्रावरून. खालचे आकडे चुकले तर वरचा बरोबर येणे शक्य नाही.

खोली. आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून हवा की कीलखालचा, हे ठरवून सर्वांना सांगावे. सेन्सर जलरेषेखाली ०.४ मीटर आणि बोटीचा डुबाव १.८ मीटर असेल, तर कीलखालची खोली मिळवण्यासाठी उणे १.४ मीटर आणि पृष्ठभागापासूनची मिळवण्यासाठी अधिक ०.४ मीटर भरावे. मुंबई बंदराच्या तळाशी मऊ गाळ आहे. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरच्या थरावरून परततो आणि शिशाचे वजन मात्र आत रुतते. पडताळणी शक्य तर कठीण तळावर करावी.

दिशा. शांत पाण्यात, पोलादी जहाजांपासून दूर, इंजिन आणि नेहमीची सर्व उपकरणे चालू ठेवून, एका फेरीला दोन ते तीन मिनिटे लागतील इतक्या सावकाश फेऱ्या घ्याव्यात. मुंबईजवळ चुंबकीय दिक्पात (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक) एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे खरी आणि चुंबकीय उत्तर यांचे सेटिंग उलटसुलट झाले तरी इथे लक्षात येत नाही. दूरच्या सफरीला निघणाऱ्यांनी ते सेटिंग डोळ्यांनी पाहून घ्यावे.

वेग. उधाणाच्या दिवशी बंदरात प्रवाह इतका जोरात असतो की एकाच दिशेने जाऊन जीपीएसशी केलेली तुलना निरर्थक ठरते. भांगाचा (लहान भरती-ओहोटीचा) दिवस आणि भरती-ओहोटीमधली स्तब्ध वेळ निवडावी, इंजिनाचे फेरे कायम ठेवावेत आणि एकाच मार्गावर जाऊन लगेच परत यावे. जाताना जीपीएसवर ५.२ नॉट आणि येताना ६.८ नॉट दिसले तर सरासरी ६.० येते. दोन्ही वेळा लॉग (पाण्यातला वेग मोजणारे उपकरण) ५.४ दाखवत असेल तर गुणक ६.० भागिले ५.४, म्हणजे १.११. चाक स्वच्छ केल्यानंतरच हे करावे, नाहीतर आपण बार्नाकलचे कॅलिब्रेशन करतो.

वारा. स्थिर वाऱ्यात, शिडे दोन्ही बाजूंना सारखीच ओढून, वाऱ्याला शक्य तितके जवळून दोन्ही टॅकवर जावे. एका टॅकवर ३४ अंश आणि दुसऱ्यावर २८ अंश दिसत असतील तर सेन्सर ३ अंशांनी फिरलेला आहे. दुरुस्ती भरल्यावर दोन्हीकडे ३१ आले पाहिजेत. फरक वाढून १२ झाला तर चिन्ह उलटे पडले आहे.

## टप्पा १०: ऑटोपायलट

ऑटोपायलट बदलला नसला तरी त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण त्याच्या आसपासच्या तारा आणि चुंबकत्व बदललेले असते. नवा असल्यास धक्क्यावर बांधलेल्या बोटीतच सुकाणूचा मध्य आणि दोन्ही टोकांच्या मर्यादा भराव्यात. उजवीकडे १० अंशांचा हुकूम दिल्यावर सुकाणू खरोखर उजवीकडे जाते का, हे एका माणसाने मागे उभे राहून डोळ्यांनी पाहावे. मोटरीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यास बोट दुरुस्ती करण्याऐवजी अधिकाधिक वळत जाते.

सावधान: समुद्रातील पहिल्या चाचणीत एक माणूस सतत स्टिअरिंगपाशी असावा आणि ‘स्टँडबाय’चे (ऑटोपायलट सोडवून सुकाणू हाती देणारे) बटण कुठे आहे हे बोटीवरील प्रत्येकाला दाखवलेले असावे. ऑटोपायलटच्या फ्लक्सगेट (इलेक्ट्रॉनिक) होकायंत्राजवळच्या कपाटात नंतर कोणी हत्यारांची पेटी किंवा डबाबंद खाद्यपदार्थ ठेवणार नाहीत, यासाठी त्या कपाटावर चिठ्ठी लावावी.

## टप्पा ११: जुन्या तारा काढणे

नव्या व्यवस्थेवर काही सफरी झाल्यानंतरच जुन्या केबली काढाव्यात. जिवंत टोक कापून सोडून देऊ नये. प्रत्येक तार तिच्या फ्यूजपासून सोडवून संपूर्ण ओढून घ्यावी आणि तिच्या जागी एक दोरी ओढून ठेवावी. निघालेले जुने डिस्प्ले चालू अवस्थेत असतील तर जपून ठेवावेत किंवा तसेच संच वापरणाऱ्या दुसऱ्या बोटवाल्याला द्यावेत, कारण त्यांचे सुटे भाग आता नवे मिळत नाहीत.

शेवटी टप्पा एकमधली वही पुन्हा उघडून नवा आराखडा काढावा. त्यात प्रत्येक टी-जोडाचा क्रम, दोन्ही टर्मिनेटरांची जागा, वीज देणारा फ्यूज, निवडलेले स्रोत आणि कॅलिब्रेशनचे सर्व आकडे तारखेसह असावेत. सॉफ्टवेअर अद्ययावत करताना ही सेटिंग काही वेळा पुसली जातात. आराखड्याची एक प्रत लॅमिनेट करून चार्ट टेबलाच्या झाकणाखाली चिकटवावी आणि दुसरी घरी ठेवावी.